आपल्या प्रभागाचा निवडणूक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक आली की लोक विचारतात, "आपल्या प्रभागात मागच्या वेळी कोण आलं होतं?" प्रश्न साधा, उत्तर मात्र सरळ मिळत नाही. महाराष्ट्रातल्या महापालिकांचे प्रभाग इतक्या वेळा मोडले आणि पुन्हा जोडले गेलेत की "मागच्या वेळचा आपला प्रभाग" म्हणून दाखवता येईल असं काही बरेचदा उरलेलंच नसतं. माझ्याकडे वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः मुंबई आणि पुण्याची आहेत, कारण त्यांची कागदपत्रं त्यातल्या त्यात हाताशी असतात.

प्रभाग, वॉर्ड आणि वॉर्ड ऑफिस हे एकच का?

नाही. निम्मा गोंधळ इथेच होतो. मुंबईत "जी उत्तर" किंवा "के पश्चिम" म्हणतात ते प्रशासकीय विभाग. पाणी, कचरा, बांधकाम परवाने, सहायक आयुक्त हे सगळं त्या वॉर्ड ऑफिसात. निवडणुकीचा प्रभाग ही वेगळी चीज. त्यातून नगरसेवक निवडला जातो आणि तिथे कुठलंही कार्यालय नसतं. मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत आणि एकेका प्रशासकीय विभागात त्यांतले अनेक येतात. पुण्यात वॉर्ड ऑफिसला क्षेत्रीय कार्यालय म्हणतात. तेव्हा "आमचा वॉर्ड कोणता?" असं कुणी विचारलं की आधी त्याला पाण्याची तक्रार करायची आहे की मतदान, ते विचारून घ्यावं.

माझं घर हललं नाही, मग प्रभागाचा क्रमांक का बदलला?

क्रमांक घराला दिलेला नसतो, नकाशाच्या क्रमाला दिलेला असतो. प्रभाग रचनेच्या नियमांनुसार क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात, ईशान्येकडून पूर्वेला येतात, पश्चिमेला वळतात आणि दक्षिणेत संपतात. मुंबईत एक नंबर दहिसरला पडतो आणि २२७ कुलाब्याला. पश्चिम उपनगरं संपली की क्रमांक मुलुंडला उडी मारतात, पूर्व उपनगरं उतरत येतात आणि शेवटी शहरात शिरतात.

आता २०१७ च्या वेळी काय झालं ते पाहा. एकूण संख्या २२७ च राहिली, पण २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या घटलेली आणि उपनगरांची वाढलेली होती. म्हणून शहर भागाचे प्रभाग ६३ वरून ५६ झाले, पश्चिम उपनगरांचे १०२ आणि पूर्व उपनगरांचे ६९. पश्चिमेला पाच प्रभाग वाढले की मुलुंडपासून पुढचे सगळे आकडे पाचने सरकतात. पूर्वेला आणखी दोन वाढले की शहराची सुरुवात सातने पुढे जाते. मुलुंडमध्ये एक वीट हलली नाही तरी तिथल्या प्रभागांना नवे क्रमांक मिळाले, कारण माणसं दहिसर-कांदिवलीकडे राहायला गेली.

म्हणून "प्रभाग क्रमांक अमुकचा इतिहास" अशा शीर्षकाची यादी दिसली की मी आधी ती किती निवडणुका मागे जाते ते बघतो. एकाच क्रमांकाखाली १९९२ पासूनची नावं सलग लावलेली असतील, तर ती यादी बहुधा चार वेगवेगळ्या मोहल्ल्यांची आहे.

मग सीमा आखतं कोण?

महापालिका आयुक्तांच्या हाताखाली प्रारूप रचना तयार होते, राज्य सरकार आणि राज्य निवडणूक आयोग यांच्या टप्प्यांतून ती जाते, ती प्रसिद्ध होते, हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते आणि मग अंतिम रचना जाहीर होते. या कामात सरकारचा अधिकार किती आणि आयोगाचा किती, यावर गेल्या काही वर्षांत कायदाही बदलला आणि कोर्टबाजीही झाली.

आखणीचं गणित मात्र सोपं आहे. शहराची लोकसंख्या भागिले सदस्यसंख्या. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १,२४,४२,३७३. तिला २२७ ने भागलं की सरासरी ५४,८१२ येते. यात दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे साधारण ४९,३०० ते ६०,३०० च्या मध्ये प्रभाग बसला पाहिजे. चारसदस्यीय प्रभाग असेल तर सरासरीला चारने गुणायचं. जनगणनेचा प्रगणक गट (एका प्रगणकाला मोजायला दिलेला घरांचा लहान गट) फोडायचा नाही आणि नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता अशा हद्दी पाळायच्या, हेही नियमात आहे.

दहा टक्क्यांची ही सवलत निरुपद्रवी वाटते, पण सगळं राजकारण तिथेच चालतं. एखादी सोसायटी किंवा झोपडपट्टीचा एखादा पट्टा रेषेच्या अल्याड ठेवायचा की पल्याड, याला तेवढी जागा पुरते. हरकतींच्या सुनावणीत सर्वाधिक वाद याच पट्ट्यांवर होतात. हरकत घेणारा बहुतेक वेळा इच्छुक उमेदवार किंवा त्याचा कार्यकर्ता असतो, साधा रहिवासी क्वचित. रहिवाशाला रचना कळते ती मतदानाच्या चिठ्ठीवर नवा आकडा दिसतो तेव्हा.

आमच्या भागाचा इतिहास किती मागे नेता येतो?

मुंबईपुरतं सांगायचं तर बराच मागे, पण तुकड्यातुकड्यांत. १८७२ च्या कायद्याने महापालिकेत ६४ सदस्य आले. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. १८८८ च्या कायद्याने, जो सुधारणांसह आजही मुंबईला लागू आहे, सदस्य ७२ झाले आणि त्यांतले ३६ प्रभागांतून येऊ लागले. तेव्हा मत करदात्याचं होतं. चाळीत भाड्याने राहणारा गिरणी कामगार मतदार यादीत नव्हता, त्यामुळे त्या काळच्या निकालांवरून परळ-लालबागच्या लोकांना काय वाटत होतं हे शोधायला जाऊ नये. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक १९४८ साली झाली.

मग शहराची हद्द वाढली. १९५० मध्ये अंधेरीपर्यंत, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. बोरिवलीकराने आपल्या प्रभागाचा पालिका इतिहास १९५७ च्या मागे शोधला तर तो मुंबई महापालिकेत सापडणार नाही, कारण बोरिवली मुंबईतच नव्हती.

त्यानंतरचे टप्पे लक्षात ठेवायला सोपे आहेत. १९६८ च्या निवडणुकीत १४० जागा होत्या आणि शिवसेनेने पहिल्याच मोठ्या झेपेत ४२ जिंकल्या. १९८५ मध्ये १७० जागा, १९९२ आणि १९९७ मध्ये २२१, २००२ पासून २२७. दरवेळी संख्या बदलली की सगळा नकाशा नव्याने निघाला. २००२ नंतर संख्या स्थिर राहिली, तरी सीमा राहिल्या नाहीत.

पुण्यात चार नगरसेवक आणि मुंबईत एकच, हे कसं?

मुंबईचा कायदा वेगळा आहे आणि त्यात एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे. बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली येतात आणि तिथे सरकार बदललं की प्रभागाचा आकारही बदलतो. २००२ मध्ये तीनसदस्यीय, २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये दोनसदस्यीय, २०१७ मध्ये चारसदस्यीय. मग महाविकास आघाडी सरकारने आधी एकसदस्यीय आणि २०२१ मध्ये तीनसदस्यीय पद्धत ठरवली, आणि २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा चारवर नेली.

पुण्यात याचा परिणाम असा: २००७ मध्ये १४४ एकसदस्यीय प्रभाग, २०१२ मध्ये ७६ प्रभागांतून १५२ नगरसेवक, २०१७ मध्ये ४१ प्रभागांतून १६२ (३९ प्रभाग चारचे आणि २ तीनचे), २०२६ मध्ये ४१ प्रभागांतून १६५ (४० चारचे आणि एक पाचचा). २०१७ आणि २०२६ मध्ये प्रभाग ४१ च आहेत म्हणून ते तेच आहेत असं समजू नका. मधल्या काळात आधी ११ आणि मग २३ गावं हद्दीत आली, आणि फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन पुन्हा बाहेर गेली.

कारण काय सांगतात? मोठ्या प्रभागात विकासाचा एकत्र विचार होतो, असं. माझ्या मते खरं कारण हिशेबाचं आहे. मोठ्या प्रभागात अपक्ष आणि स्थानिक वजनदार माणूस यांची ताकद पातळ होते आणि पक्षाच्या पॅनेलला फायदा होतो. लहान प्रभागात उलट. ज्याला ज्या वेळी जे सोयीचं, तो ते करतो. यात कुठलाही पक्ष दुसऱ्याला नावं ठेवू शकेल असं मला दिसत नाही.

लहान शहरांत चित्र निराळं आहे. नगरपरिषदांत साधारण दोनसदस्यीय प्रभाग असतात. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि १७ नगरसेवक. इतिहास शोधायला नगरपंचायत सगळ्यांत सुखाची.

चारसदस्यीय प्रभागात मला चार मतं द्यावीच लागतात का?

प्रभागातल्या जागा अ, ब, क, ड अशा असतात आणि प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं असतं. यंत्रावर त्यांच्या मतपत्रिकांचे रंगही वेगळे: अ साठी पांढरा, ब साठी फिकट गुलाबी, क साठी फिकट पिवळा, ड साठी फिकट निळा. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं असतं. सगळ्या जागांचं झालं की मगच शेवटचा लांब बीप वाजतो. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर त्या जागेसमोरचं नोटा दाबायचं. पहिल्या बटणानंतर "झालं" म्हणून निघणारे मतदार केंद्राधिकाऱ्याची दिवसभराची डोकेदुखी असतात, आणि त्यात वयस्कर माणसंच असतात असंही नाही.

जुन्या-नव्या निकालांची तुलना करताना काय सांभाळायचं?

सगळ्यांत आधी मतांचा ढीग. चारसदस्यीय प्रभागात समजा ४०,००० लोकांनी मतदान केलं, तर निकालपत्रात एकूण मतं १,६०,००० दिसतील. हा आकडा एकसदस्यीय काळातल्या बारा-पंधरा हजारांशी लावून "अमुक पक्षाची मतं दहापट वाढली" असं लिहिणारे बातमीदार मी वाचलेत. तुलना करायची तर जागानिहाय करा: अ जागेची टक्केवारी, ब ची टक्केवारी. एका पॅनेलच्या चारही उमेदवारांच्या मतांत किती अंतर आहे ते बघा. ते अंतर फार असेल तर मतदारांनी चिन्ह बघितलं नाही, माणूस बघितला. माझ्या लेखी कुठल्याही प्रभागाच्या निकालातली सगळ्यांत बोलकी गोष्ट ही आहे.

दुसरं म्हणजे मतदानाचं प्रमाण. मुंबईत २०१२ ला सुमारे ४५ टक्के मतदान झालं, २०१७ ला सुमारे ५५ टक्के. एवढा फरक असताना मतांचा नुसता आकडा वाढला म्हणून पाठिंबा वाढला असं होत नाही.

तिसरं, युती. २०१२ ला शिवसेना आणि भाजप मुंबईत एकत्र होते, २०१७ ला समोरासमोर. त्यामुळे २०१२ च्या एखाद्या प्रभागात भाजपचा उमेदवारच नसेल, तर तिथे भाजपला शून्य आधार होता असा अर्थ काढू नये. २०२६ मध्ये तर शिवसेना दोन झाल्या आहेत. तिथे आडव्या रेषेत एकच "शिवसेना" रकाना ओढणाऱ्या तक्त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी ठेवत नाही.

मला इंटरनेटवर आमच्या प्रभागाचा नकाशा मिळाला, पण क्रमांक कुठेच जुळत नाही. असं का?

बहुधा तुम्हाला कधीच न वापरलेली रचना सापडली आहे. २०२१ च्या शेवटी मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ करायचा निर्णय झाला. प्रभागांचे नकाशे निघाले, हरकती झाल्या, २०२२ मध्ये आरक्षणाची सोडतसुद्धा निघाली. मग ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने संख्या परत २२७ केली आणि ते सगळं बाद झालं. पुण्यातही तसंच: १७३ सदस्यांची ५८ प्रभागांची तीनसदस्यीय रचना तयार होती, तिच्यावर एकही मत पडलं नाही. पण पीडीएफ मरत नाहीत. इच्छुकांनी तेव्हा छापलेले "भावी नगरसेवक, प्रभाग क्रमांक अमुक" असे बॅनरचे फोटोही अजून फिरतात. नकाशावर २०२२ चं साल दिसलं तर तो बाजूला ठेवा.

आरक्षण कसं ठरतं? आमचा प्रभाग सारखा महिलांसाठीच का निघतो?

अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, त्या समाजाची टक्केवारी ज्या प्रभागांत जास्त तिथे, उतरत्या क्रमाने दिल्या जातात. ओबीसी आणि महिलांच्या जागांसाठी सोडत निघते. महिलांचं आरक्षण आधी एक तृतीयांशाच्या आसपास होतं, २०११ पासून निम्मं झालं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईची सोडत निघाली तेव्हा २२७ पैकी १५ जागा अनुसूचित जाती, २ जमाती, ६१ ओबीसी आणि १४९ सर्वसाधारण अशी वाटणी झाली. सगळ्या मिळून ११४ महिलांसाठी.

निम्म्या जागा महिलांच्या असल्या की एखाद्या प्रभागाला लागोपाठ दोनदा चिठ्ठी लागणं अजिबात नवलाचं नाही. चक्रानुक्रमाने आरक्षण फिरतं हे खरं, पण प्रभागच दरवेळी मोडले तर फिरायचं कुणी?

इतिहास लिहिणाऱ्याने आरक्षणाचा रकाना ठेवलाच पाहिजे. नाहीतर "दहा वर्षं निवडून आलेला नगरसेवक अचानक कुठे गेला?" याचं उत्तर मिळत नाही. बरेचदा तो कुठेच गेलेला नसतो. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, पत्नी किंवा सून उभी राहिली आणि फलकावर तिच्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा लागला. उलटही घडलंय. आरक्षणामुळे आलेल्या काही नगरसेविका पुढे खुल्या जागेवरून स्वतःच्या नावावर निवडून आल्या. नुसती आडनावं बघून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

२०१७ नंतर एकदम २०२६? मधली निवडणूक कुठे गेली?

झालीच नाही. राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ च्या विकास किशनराव गवळी प्रकरणात ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी बंधनकारक केली होती: समर्पित आयोग, त्याच्या माहितीवरून प्रमाण, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. डिसेंबर २०२१ मध्ये ओबीसी जागांना स्थगिती आली. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्यानुसार पुढे जायला सांगितलं, तोच प्रभागसंख्या बदलण्याचा वाद उभा राहिला आणि सगळं "जैसे थे" वर थांबलं. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायचे आदेश दिले, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह २९ महापालिकांत मतदान झालं. मुंबईत भाजप ८९ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला, ठाकरेंच्या शिवसेनेला ६५ मिळाल्या.

खोळंबा नवा नाही. मुंबईत १९७८ नंतर थेट १९८५ आणि १९८५ नंतर थेट १९९२. पण तेव्हा कलम २४३ यू आणणारी ७४ वी घटनादुरुस्ती नव्हती. ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिचा एक उद्देश हा खोळंबा थांबवणं होता.

नगरसेवक नसताना प्रभागाचं काम कोण बघत होतं?

प्रशासक, म्हणजे आयुक्तच. सभागृह नाही, स्थायी समिती नाही. तक्रार घेऊन लोक माजी नगरसेवकाकडेच जात राहिले. त्याच्याकडे सही नव्हती, फोन नंबर होते. पुण्यात नगरसेवकांच्या "स" यादीतली (त्यांनी सुचवलेली प्रभागातली) कामं किंवा मुंबईतला नगरसेवक निधी यांचा त्या काळातला हिशेब शोधायला गेलात तर रकाना रिकामा मिळेल.

दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तर?

चिठ्ठी. ही दंतकथा नाही, मुंबईत २०१७ साली प्रभाग २२० मध्ये घडलेलं आहे. गिरगाव परिसरातला प्रभाग. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह. फेरमोजणीनंतर दोघांची मतं ५,९४६ वर येऊन थांबली. मग दोन नावांच्या चिठ्ठ्या एका बरणीत टाकल्या आणि एका लहान मुलीला एक उचलायला सांगितली. शाह यांचं नाव निघालं.

त्या दिवशीचा एकूण निकाल शिवसेना ८४, भाजप ८२. चिठ्ठी दुसरी निघाली असती तर ८५ आणि ८१. महापौरपदाची गणितं दोन-दोन जागांवर चालली होती, तेव्हा त्या बरणीकडे अख्ख्या मुंबईचे डोळे लागले होते. "माझ्या एका मताने काय होतं?" असं म्हणणाऱ्याला प्रभाग २२० मधले लोक वेगळं उत्तर देतील.

नोटाला सर्वाधिक मतं पडली तर काय?

विधानसभा-लोकसभेत काही होत नाही, पण महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत होतं. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर त्या जागेची फेरनिवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही तसंच झालं तर नोटाखालोखाल मतं असलेला उमेदवार विजयी.

निकालाच्या दिवशीचा नगरसेवक आणि मुदत संपतानाचा नगरसेवक वेगळा कसा?

याची तीन-चार कारणं असतात आणि इतिहासाच्या याद्या बहुतेक इथेच चुकतात.

मृत्यू किंवा राजीनामा झाला तर पोटनिवडणूक होते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भांडुपच्या प्रभाग ११६ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसची जागा भाजपकडे गेली. जातीचा दाखला अवैध ठरला तर नगरसेवकपद जातं. मुंबईत २०१७ नंतर अशा काही प्रकरणांत पोटनिवडणूक न होता दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नगरसेवक म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे मतमोजणीच्या दिवशी हरलेला माणूस दोन-तीन वर्षांनी सभागृहात. निकालाच्या बातम्यांवरून यादी केली तर तो त्यात येणारच नाही. दोनपेक्षा जास्त अपत्यांच्या नियमानेही काहींची पदं गेली आहेत.

चौथं, पक्षांतर. २०१७ मध्ये मनसेचे मुंबईत सात नगरसेवक आले आणि त्याच वर्षी त्यांतले सहा शिवसेनेत गेले. स्थानिक प्राधिकरणांसाठी १९८६ चा पक्षांतरबंदीचा स्वतंत्र कायदा आहे, पण दोन तृतीयांश गट एकत्र गेला की वाट मोकळी होते. म्हणून मी पक्षाचे दोन रकाने ठेवतो: निवडून येतानाचा आणि मुदत संपतानाचा. २०२२ नंतर तर तिसराही लागतो.

बिनविरोध झालेल्या प्रभागाची नोंद कशी करायची?

"बिनविरोध" असं लिहायचं आणि मतांचा रकाना रिकामा ठेवायचा. शून्य लिहू नका, त्याने बेरजा बिघडतात. जमल्यास माघार घेतलेल्यांची नावं आणि पक्ष लिहा. २०२६ च्या निवडणुकीत काही महापालिकांत मतदानाआधीच अनेक जागा बिनविरोध झाल्या आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. अशा प्रभागाचा खरा इतिहास अर्ज माघारी घ्यायच्या दिवशीच्या दुपारी घडलेला असतो.

माझं नाव शेजारच्या प्रभागाच्या यादीत कसं गेलं?

पालिका निवडणुकीसाठी वेगळी मतदार यादी बनत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतात (२०२६ साठी ती १ जुलै २०२५ होती) आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. हद्दीवरच्या इमारतींत ही फोड चुकते. प्रारूप यादीवर हरकत घ्यायला थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात घेतली तर दुरुस्ती होते. नवं नाव मात्र या टप्प्यावर घालता येत नाही, ते विधानसभेच्या यादीतच आधी असावं लागतं.

मतदान केंद्रनिहाय आकडे मिळतात का?

मिळतात, आणि तेच खरं सोनं. प्रभाग मोडला तरी शाळा बहुतेक त्याच राहतात. महापालिका शाळेतल्या खोली क्रमांक तीनमध्ये कुठल्या चाळींचे मतदार येतात हे माहीत असेल, तर तीन निवडणुकांमधले आकडे गल्लीच्या पातळीवर जोडता येतात, मग प्रभागाचा क्रमांक काही का असेना. पालिकेच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट (मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र) वापरत नाहीत, त्यामुळे यंत्राच्या आकड्यांची मोजणीपत्रकं हाच कागद.

काही महापालिका संकेतस्थळावर केंद्रनिहाय तक्ते टाकतात, बऱ्याच टाकत नाहीत. तिथे माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींचे पानाला २ रुपये. अर्जात "निवडणुकीची सर्व माहिती" असं लिहिलंत तर "माहिती विस्तृत आहे" असं उत्तर ठरलेलं. निवडणुकीचं साल, तेव्हाचा प्रभाग क्रमांक आणि "मतदान केंद्रनिहाय उमेदवारनिहाय मतांचा तक्ता" एवढंच लिहा. शिवाय निवडून आलेल्यांची प्रभागवार नावं राज्यपत्रात प्रसिद्ध होतात. नावांच्या शुद्धलेखनावरून भांडण झालं तर मी राज्यपत्र धरतो.

प्रभाग समिती आणि क्षेत्रसभेच्या नोंदी उपयोगी पडतात का?

प्रभाग समितीची इतिवृत्तं पडतात. घटनेच्या कलम २४३ एस प्रमाणे तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात या समित्या बंधनकारक आहेत, आणि नगरसेवकाने खरोखर काय मागितलं ते तिथे दिसतं. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात २००९ पासून आहे. इतिवृत्त मागून बघा, मिळालं तर मलाही कळवा.

घरच्या घरी आमच्या भागाची नोंद करायची तर सुरुवात कुठून?

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये आधी प्रभाग लिहूच नका. आपल्या भागातल्या दहा-पंधरा जागा लिहा: शाळा, मंदिर, मशीद, बाजार, मोठी सोसायटी, रेल्वे फाटक. मग प्रत्येक निवडणुकीसाठी ती जागा कोणत्या क्रमांकात होती, प्रभाग कितीसदस्यीय होता, आरक्षण काय होतं, कोण आलं, कोण दुसरं आलं, मतांचं अंतर किती आणि पुढे काय झालं, हे रकाने भरत जा. दोनच निवडणुका भरल्या की लक्षात येईल, रेल्वे फाटकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक एका प्रभागात फक्त एकदाच होते, आणि त्याच वेळी जुना नगरसेवक पडला.